फटींचा हिशेब: हवागळतीची चाचणी आणि कोकणातलं घर

दुपारी कौलारू घराच्या माजघरात आडवं पडलं की कौलांमधून उतरलेले कवडसे जमिनीवर दिसतात. त्या फटी कुणाला खुपत नाहीत. चुलीचा धूर आणि वर चढलेली गरम हवा त्यांतूनच निघून जाते. पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून पडवीला चुडतांचे झाप बांधायचे, एवढाच बंदोबस्त. १८६५ साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ती कौलं किनाऱ्यावर पसरली, तेव्हा नळीच्या कौलांच्या मानाने फटी कमी झाल्या; गेल्या मात्र नाहीत.

त्यामुळे 'घरातून हवा किती गळते ते तपासून घ्या' असं कुणी सांगितलं तर इथे हसूच येईल. हा सल्ला आला थंडीच्या मुलखातून.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत त्याची किंमत जवळपास चौपट झाली. घर तापवायला तेल जाळणाऱ्या देशांना आपापल्या भिंतींकडे बघावं लागलं. स्वीडनमध्ये १९७७च्या सुमारास खिडकीत पंखा बसवून घराची गळती मोजू लागले. हे तंत्र अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात पोचलं, तिथे पंखा खिडकीतून दारात आला आणि 'ब्लोअर डोअर' हे नाव पडलं. त्याच विद्यापीठात न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीचा अभ्यास चालू होता. तिथल्या घरांच्या माळ्यांवरून उष्णता कागदावरच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निसटत होती. तिथले संशोधक गौतम दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चोरवाटा सापडल्या त्या पोकळ भिंतींत आणि नळांच्या भोवतालच्या जागेत. सगळे संशय घेत होते दारं-खिडक्यांवर!

चाचणी तशी सोपी. दाराच्या चौकटीत कापड ताणून बसवायचं, त्यात पंखा. आतबाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक पाडायचा, म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर पाण्याचा दाब. तो टिकवायला पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढीच घर फटींतून आत ओढतं. जर्मनीत १९९१ मध्ये डार्मश्टाट इथे पहिलं 'पॅसिव्ह हाऊस', म्हणजे तापवायला अगदी थोडी ऊर्जा लागणारं घर, उभं राहिलं. त्या प्रकारच्या घराला आज या दाबाखाली तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पटीहून जास्त गळती चालत नाही. आपलं माजघर या परीक्षेला बसवूच नये.

पण मागच्या खोलीत एसी लागला की गोष्ट बदलते, आणि तो आता गावोगाव लागतो आहे. थंड देशात फटीतून ऊब जाते. इथे फटीतून पाणी येतं. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम बाष्प असतं. आत २४ अंशांना ५५ टक्क्यांवर ते १२ ग्रॅम. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत तासाला एकदा हवा बदलली तर एसीला ४४० ग्रॅम पाणी निव्वळ गाळून टाकावं लागतं. एक टनाच्या एसीची बारावा हिस्सा ताकद त्यातच जाते, खोली थंड करणं वेगळंच. म्हणून कौलांखाली नुसतं पातळ छत ठोकून एसी लावणारे बिलावर चिडतात, त्यात नवल नाही. ब्लोअर डोअर नसला तरी पंखा बंद करून दाराच्या फटीशी, छताच्या कडेला, एसीच्या नळीच्या भोकाशी उदबत्ती धरली की धूर कुठे हलतो ते दिसतं.

२०१८च्या 'इको निवास संहिते'त, म्हणजे घरांमधल्या ऊर्जाबचतीच्या सरकारी नियमावलीत, मात्र उष्ण-दमट पट्ट्यासाठी उघडता येणाऱ्या जागांची किमान मर्यादा आहे: घराच्या क्षेत्रफळाच्या १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा. थंड प्रदेशाला ८.३३ टक्के पुरतात. तेव्हा एसीची खोली घट्ट करा, पडवी नि माजघर मोकळं सोडा. आणि स्वयंपाकघरात चूल किंवा गॅस असेल तर तिथली एकही फट बुजवू नका.