सम्प म्हणजे रेफ्युजियम नव्हे

खाऱ्या पाण्याची पहिली टाकी उभारणाऱ्याला बहुधा एकच चित्र दाखवले जाते: वर माशांची टाकी, आणि खाली कपाटात पंप, नळ्या व शेवाळाचा हिरवा पुंजका असलेली दुसरी टाकी. या खालच्या पसाऱ्याला कोणी सम्प म्हणतो, कोणी रेफ्युजियम, आणि नवखा माणूस ही एकाच वस्तूची दोन नावे समजून चालतो. वस्तुतः सम्प ही पाणी फिरवण्याची व्यवस्था आहे, तर रेफ्युजियम हा माशांच्या तोंडापासून राखून ठेवलेला अधिवास आहे. तो सम्पच्या एका कप्प्यात असू शकतो, मुख्य टाकीच्या पाठीमागे टांगलेल्या डब्यात असू शकतो किंवा तिच्याहून उंच फळीवरही. आणि रेफ्युजियम मुळीच नसलेले सम्प तर सर्रास आढळतात.

सम्पचे काम आकड्यांतून लवकर कळते. वरची टाकी 100 × 45 × 45 सेंमीची, म्हणजे सुमारे 200 लिटरची, आणि खालचा सम्प 75 × 35 × 40 सेंमीचा आहे असे धरू. वरचे पाणी ओव्हरफ्लोच्या काठावरून आपोआप खाली उतरते, प्रोटीन स्किमर (पाण्यातली सेंद्रिय घाण फेसावाटे बाहेर काढणारे यंत्र) आणि हीटर असलेल्या कप्प्यांतून जाते आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. त्यामुळे मुख्य टाकीतली पातळी स्थिर राहते आणि बाष्पीभवनाची घट फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते: दोन लिटर पाणी उडाले तर वरच्या टाकीत जो फरक अर्धा सेंमीसुद्धा भरला नसता, तो 25 × 35 सेंमीच्या कप्प्यात सव्वादोन सेंमी होतो. उडते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भर आरओच्या गोड्या पाण्याची घालावी, खाऱ्या पाण्याची नव्हे.

सम्पची खरी कसोटी वीज गेल्यावर लागते. (त्या क्षणी पंप मराठी अर्थाने संपावर जातो.) वरच्या टाकीतले तीन सेंमी पाणी खाली आले तरी ते साडेतेरा लिटर होते, शिवाय नळ्यांतले वेगळे. सम्प 22 सेंमीपर्यंतच भरलेला असेल तर त्यात आणखी 47 लिटरांची जागा असते; काठोकाठ भरलेला असेल तर पाणी फरशीवर येते. रिटर्न नळीचे तोंड टाकीत खोल बुडलेले असल्यास सायफनने पाणी तेथपर्यंत उपसले जाते, म्हणून ते पृष्ठभागालगत ठेवावे. एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेवर मी तरी विसंबणार नाही. क्षार साचून ती नेमकी हवी तेव्हा अडकते.

रेफ्युजियम या लॅटिन शब्दाचा अर्थच आश्रयस्थान. येथे कीटोमॉर्फासारखे काथ्याच्या गुंत्यासारखे दिसणारे शेवाळ वाढवतात आणि त्याच्या आडोशाला कोपेपॉड व अँफिपॉड हे सूक्ष्म कवचधारी जीव माशांच्या त्रासाविना वाढतात. शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेट शोषते. मात्र वाढलेला भाग कापून बाहेर काढेपर्यंत हे पोषक पदार्थ टाकीतच असतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. येथील दिवा मुख्य टाकीचा दिवा मालवल्यावर लावतात, कारण रात्री कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो आणि शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण ती उतरण कमी करते. कॉलर्पा दिसायला देखणे, पण ते कधीकधी प्रजननावस्थेत जाऊन एकाएकी विरघळते, पाणी दुधाळ करते आणि शोषलेले सारे परत सोडते. पहिल्या टाकीसाठी कीटोमॉर्फाच बरे.

दोन्ही एकाच काचेत बसवताना ओढाताण होते ती प्रवाहाची. रिटर्न पंप तासाला हजार-दोन हजार लिटर पाणी फिरवतो. तेवढा लोंढा छोट्याशा रेफ्युजियममधून नेला तर तळाची वाळू उडते आणि शेवाळाचे तुकडे पंपात अडकतात. त्यासाठी ओव्हरफ्लोच्या नळीला वेगळा फाटा काढून व्हॉल्व्हने थोडेच पाणी त्या कप्प्यात सोडावे आणि पंपाच्या बाजूला जाळी लावावी.

क्रमाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: सम्प पहिल्या दिवशी, रेफ्युजियम नंतर. सुरुवातीचे चार ते सहा आठवडे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करण्याची घडी बसवत असतात. तेव्हा शेवाळाची घाई कशाला? सम्प बांधतानाच 25 सेंमीचा एक कप्पा रिकामा सोडावा आणि चाचणीत नायट्रेट व फॉस्फेट दिसू लागल्यावर त्यात मूठभर कीटोमॉर्फा टाकावे. पाण्यात हे दोन्ही पदार्थ जवळजवळ शून्य असतील तर ते उपाशी राहून पांढरे पडते. त्या कप्प्यात ठेवायला दगड मात्र मालवणच्या समुद्रातून उचलून आणू नये. त्यांवर प्रवाळ असू शकतात, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार प्रवाळ संरक्षित आहेत. जिवाणूंना थारा देण्याचे काम सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडेही करतात.

राहिला मँडरिन मासा. तो मुख्यतः कोपेपॉडवर जगतो, म्हणून रेफ्युजियम बसवला की लगेच तो आणण्याचा मोह होतो. पण आश्रयस्थान बांधून झाले म्हणजे त्यात वस्ती झाली असे नव्हे. रात्री टॉर्च मारल्यावर मुख्य टाकीच्या काचेवरही कोपेपॉडचे पांढरे ठिपके धावताना दिसू लागेपर्यंत, आणि त्याला बहुधा कित्येक महिने लागतात, तो दुकानातच राहू द्यावा.