वर नेणारा ‘उत्’ आणि खाली आणणारे ‘उतरणे’

सूर्य उगवतो, माणूस उठतो, पाखरू उडते, हमाल ओझे उचलतो. या चारही क्रियापदांच्या पोटात एकच जुना शब्द दडलेला आहे: संस्कृतातला ‘उद्’ किंवा ‘उत्’, म्हणजे वर. उद् आणि गम् मिळून उगवणे, उद् आणि स्था मिळून उठणे. उडण्यात ‘डी’ धातू आहे, उचलण्यात ‘चल्’.

ऋग्वेदाच्या काळी हा ‘उद्’ क्रियापदाला चिकटलेलाही नसे. पहिल्या मंडलातले ५०वे सूक्त सूर्याचे आहे. ते ‘उदु त्यं जातवेदसम्’ असे सुरू होते आणि या ‘उद्’चे क्रियापद, ‘वहन्ति’, पुढच्या चरणात भेटते. नंतर तो धातूला जोडला गेला आणि शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलू लागला. जीभ एक ध्वनी संपवतानाच पुढच्याची तयारी करते. म्हणून उच्चार, उज्ज्वल, उन्नती, उल्लंघन या शब्दांत मूळचा ‘द्’ ओळखूही येत नाही. ‘उत्थान’मध्ये तर ‘स्था’चा ‘स’च गेला. एवढ्याशा गोष्टीसाठी पाणिनीने ‘उदः स्थास्तम्भोः पूर्वस्य’ असे वेगळे सूत्र रचले, याचे मला फार अप्रूप वाटते. प्राकृतात उट्ठ, उग्ग, उड्ड झाले आणि मराठीने ती जोडाक्षरेही सैल केली.

अर्थात ‘उ’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द या घराण्यातला नाही. ‘ऊन’ आले आहे ‘उष्ण’वरून.

मग ‘उतरणे’चे काय? त्यातही हाच ‘उद्’ आहे आणि धातू ‘तॄ’, म्हणजे तरून जाणे. तरीही आपण जिना उतरतो तो खाली! याचे उत्तर ‘उद्’च्या दुसऱ्या अर्थात आहे. ‘उद्’ म्हणजे वर, तसाच बाहेरही. इंग्रजीतला ‘आउट’ आणि जर्मनमधला ‘आउस’ हे त्याचे दूरचे भाऊबंद. त्यांच्याकडे ‘बाहेर’ हाच अर्थ मुख्य राहिला. नदी ओलांडणारा माणूस पाण्याबाहेर पडतो तेव्हा काठावर चढतोच. तिथे वर आणि बाहेर एकच. तेच ‘उत्तरण’. पण नावेतून किंवा वाहनातून बाहेर पडणारा पायउतार होतो. बाहेर पडण्याचा अर्थ टिकला, दिशा मात्र उलटली. प्राकृतातच ‘उत्तरइ’ खाली येण्यासाठी वापरात आले होते. मराठीने जुना अर्थही पुरता टाकलेला नाही. नदी जिथून पायी ओलांडता येते त्या जागेला ‘उतार’ म्हणतात, आणि परीक्षा पार करणारा ‘उत्तीर्ण’ होतो. खाली येण्यासाठी संस्कृतात वेगळा उपसर्ग होता, ‘अव’. त्याच ‘तॄ’पासून ‘अवतार’ झाला.

‘उत्तर’चा मूळ अर्थ अधिक वरचा. हिमालयाकडची उंच दिशा ती उत्तर. नंतर येणारे तेही उत्तर, म्हणून उत्तरार्ध, आणि प्रश्नानंतर येते तेही.

विज्ञानाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘उत्क्रांती’. उद् आणि क्रम्. उपनिषदांत या जोडीचे क्रियापद प्राण शरीराबाहेर निघून जाण्यासाठी येते, म्हणजे तिथेही ‘बाहेर’. आधुनिक मराठीत ‘उत्क्रांती’ हा शब्द जीवांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बदलासाठी रूढ झाला आणि ऐकणाऱ्याच्या मनात ‘वर’ हाच अर्थ जागा होतो: जणू जीव पायरीपायरीने माणसाकडे चढत आले. डार्विनच्या सिद्धांतात अशी शिडी नाही. त्या त्या परिस्थितीत ज्यांची संतती जास्त टिकते, त्यांचे गुण पुढे जातात, इतकेच. गुहांच्या अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या काही माशांचे डोळे नाहीसे झाले, तीही उत्क्रांतीच. हा शब्द शिकवताना वर्गात माकडापासून माणसापर्यंतच्या रांगेचे चित्र लावण्याऐवजी या आंधळ्या माशाचे चित्र लावावे, असे मला मनापासून वाटते.