देशी माशांची नदीत पुनर्स्थापना (गोवा)

नदीतून नाहीशी झालेली किंवा मोजकीच उरलेली देशी माशांची जात हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवून त्याच नदीत पुन्हा नांदती करण्याचे काम. मत्स्यबीज संचयनाशी त्याची नेहमी गल्लत होते. संचयनात खायला-विकायला मासे मिळावेत म्हणून जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) सोडतात. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे सह्याद्रीच्या नद्यांना परकेच. पुनर्स्थापनेची कसोटी वेगळी: सोडलेल्या माशांनी नदीत अंडी घालावीत आणि त्यांतून निघालेली पिल्ले कोणाच्या मदतीविना मोठी व्हावीत. किती हजार बोटुकली सोडली, या आकड्याने ती कसोटी पार होत नाही.

गोव्यात गोड्या पाण्याच्या माशाला मुळात जागाच थोडी. म्हादई कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात उगम पावून सुमारे ८० किमी वाहते आणि खाली मांडवी होते, पण समुद्राच्या भरतीचा जोर गांजे गावापर्यंत जाणवतो. उरते ती त्या गावाच्या वरची सत्तरी तालुक्यातली नदी, खांडेपार आणि रगाडो या नद्या, आणि सांगे-काणकोणातले ओहोळ. पाऊस वर्षाला ३००० मिमीच्या आसपास, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मेअखेरीस वरची नदी ठिकठिकाणी तुटते. गोट्यांमधून करंगळीएवढी धार, मग कोरडे पात्र, आणि पुढे कातळाच्या कुशीत हिरवट पाण्याची खोल कोंड. पावसाळ्यात अंडी घालणारे मासे तेव्हा अशा कोंडींतच दाटीने जगत असतात. तिथे कोणी ब्लिचिंग पावडर ओतली किंवा स्फोट केला, तर एका दुपारी त्या ओहोळाची पैदास संपते. त्यामुळे कोंडींची राखण आधी आणि हॅचरी नंतर, हाच क्रम योग्य आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीतले मासे देवीचे मानून कोणी धरत नाही. तिथला मासा त्या श्रद्धेवर टिकला आहे.

पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आले की मासे उलट्या दिशेने वर चढतात. हेच चढणीचे मासे, आणि गाभोळीने भरलेले असतानाच ते सर्वाधिक पकडले जातात. बंधाऱ्याच्या फळ्या पावसाआधी काढल्या नाहीत तर चढण तिथेच थांबते. खाणीच्या मातीचा गाळ रेतीवर बसला तर घातलेली अंडी गुदमरतात. हे अडसर तसेच ठेवून पिल्ले सोडणे म्हणजे त्यांना मरायला सोडणे.

कोणता मासा सोडायचा, हे ठरवताना त्याचे मूळ पाहावे लागते. पेथिया सेटनाई हा शोभेच्या टाकीसाठी पकडला जाणारा बोटभर मासा १९९२ मध्ये छापगर आणि साने यांनी गोव्यातून शास्त्राला कळवला. अशा माशाचे प्रजनक (पैदाशीसाठीचे नर-मादी) त्याच ओहोळातून, आणि पुष्कळ संख्येने घ्यावे लागतात. दोन-चार जोड्यांची संतती पुन्हा पुन्हा सोडली तर सगळी भावंडेच होतात. या बाबतीत खडस या महसीर माशाचा अनुभव मोलाचा आहे. निसर्ग अभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णन केलेल्या या महसीरचे प्रजनन टाटांच्या लोणावळ्यातील केंद्रात १९७० च्या दशकापासून होऊ लागले. तंत्र यशस्वी झाले आणि बोटुकली दूरदूरच्या नद्यांत गेली. कावेरीतही गेली, तिथे ती फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर, तोर रेमादेवी, आज अतिसंकटग्रस्त आहे. म्हणून कृष्णा खोऱ्यातला खडस पश्चिमवाहिनी म्हादईत आणून सोडला, तर जात नावाने देशी असली तरी ते परक्याचेच आगमन ठरेल.

हॅचरीतल्या पिल्लांना माणसाची सावली म्हणजे खाद्य. सावली पडली की ती वर येतात. नदीत तीच सावली बगळ्याची असते. त्यामुळे सोडण्याआधी त्यांना वाहत्या पाण्यात, दगडांच्या आडोशाने, जिवंत किडे खायला घालून वाढवतात आणि रोगाची तपासणी करतात. नदीवर पोचल्यावर पिशवी लगेच फोडत नाहीत. ती पाण्यावर तरंगत ठेवतात, आतले-बाहेरचे तापमान सारखे होऊ देतात, नदीचे पाणी थोडे थोडे आत घेतात. पुढे काही दिवस मासे काठच्या जाळीच्या कुंपणात राहतात. पूर ओसरल्यावर, पण कोंडी भरलेल्या असताना हे करणे सोयीचे. मेमध्ये मुळीच नाही.

सोडायच्या सगळ्या, थोड्या मोठ्या झालेल्या बोटुकलींच्या पराचे (पोहण्याच्या पंखाचे) टोक कापून खूण करतात. जिथून ती जात पूर्ण गेली होती अशा ओहोळात पुढच्या पावसाळ्यानंतर बिनखुणेचे पिल्लू जाळ्यात आले, तर ते तिथेच जन्मलेले. खडस वयात यायलाच काही वर्षे लागतात, म्हणून त्याच्यासाठी ही पाहणी दीर्घकाळ, दर वर्षी त्याच कोंडींत करावी लागते.