भूल सोसवेल का, हे वयावरून कळत नाही

पावसाळ्यात खानापूरकडच्या अंगणांना शेवाळ धरतं आणि कुणाची तरी आज्जी घसरून खुब्याचं हाड मोडून घेते. बेळगावला दवाखान्यात आणल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न हाडाचा नसतोच. "ऐंशी उलटलीत तिची, भूल सोसवेल का?"

भूलतज्ज्ञ नुसत्या वयावर निकाल देत नाहीत. शस्त्रक्रियेत रक्त जातं, नंतर वेदना आणि सूज असते, आणि हृदय-फुप्फुसांना कित्येक दिवस जादा काम पडतं. तेवढी ताकद शिल्लक आहे का, हे त्यांना पाहायचं असतं.

केसपेपरवर 'एएसए ३' असं काहीतरी लिहिलेलं असतं. एएसए म्हणजे अमेरिकेतली भूलतज्ज्ञांची संघटना; तिच्या नावाची ही प्रतवारी तिकडे १९४१ साली मांडली गेली. आज तिच्यात सहा पायऱ्या आहेत: पहिलीत निरोगी माणूस, तिसरीत गंभीर आजारामुळे हालचालींवर मर्यादा आलेला, पाचवीत शस्त्रक्रियेवाचून जगण्याची आशा नसलेला. सहावी मेंदूमृत अवयवदात्यांसाठी. पण ही प्रत रुग्णाची आहे, शस्त्रक्रियेची नाही. तिसऱ्या पायरीवरच्या माणसाचा मोतीबिंदू काढणं आणि त्याचं आतडं कापणं यांतला धोका एकसारखा कसा असेल?

मग येतो जिन्याचा प्रश्न: "दोन मजले न थांबता चढता का?" चढत असाल तर हृदय-फुप्फुसं बसल्याजागी लागणाऱ्या प्राणवायूच्या निदान चौपट प्राणवायू पुरवू शकतात, असा हिशेब. पण कौलारू घरात जन्म गेलेल्या आज्जीला जिना कुठला? तिला विचारावं गवताचा भारा डोक्यावरून आणते का, चढावर मध्येच थांबावं लागतं का. आणि नुसत्या अंदाजावर विसंबू नये. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात चौदाशे रुग्ण होते. त्यांतल्या ज्यांची ताकद खरोखर कमी होती, त्यांच्यापैकी पाचातला जेमतेम एकच डॉक्टरांच्या अंदाजात ओळखू आला. रोजच्या कामांबद्दलची बारा प्रश्नांची साधी प्रश्नावली पुढच्या धोक्याचा अंदाज त्याहून बरा देत होती.

दुबळेपणही मोजता येतो. न ठरवता घटलेलं वजन, सततचा थकवा, मंदावलेली चाल, सैल पडलेली मूठ, कमी झालेली हालचाल: पाचातली तीन लक्षणं असली तर माणूस दुबळा धरावा, असा निकष २००१ पासून वापरात आहे. माझ्या मते ईसीजीइतकंच महत्त्व याला द्यायला हवं. साठीतला खंगलेला माणूस ऐंशीच्या काटक आज्जीपेक्षा जास्त धोक्यात असू शकतो.

गुडघा बदलायचा असेल तर थांबायला वेळ असतो. तेवढ्यात रक्त वाढवता येतं, साखर आटोक्यात आणता येते. निपाणी भागात तर विडीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. विडी सोडल्यावर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दिवसभरात उतरतो, फुप्फुसांना मात्र चार-सहा आठवडे हवेत. "तंबाखू खाता का?" म्हटल्यावर बायका बिनदिक्कत नाही म्हणतात, मशेरी त्या तंबाखूत धरतच नाहीत. तेव्हा मशेरीचं वेगळं विचारावं. वैद्याचा काढा, रक्त पातळ करायची गोळी, सगळं पिशवीत घालून न्यावं.

खुब्याला अशी सवड नाही. शक्यतो ४८ तासांच्या आत हाड बसवावं, कारण पडून राहिल्यानं न्यूमोनिया आणि रक्ताच्या गाठींची भीती वाढते. पाठीतलं इंजेक्शन म्हणजे हमखास सुरक्षित, ही समजूतही तितकीशी खरी नाही. खुब्याच्या सोळाशे रुग्णांवरच्या २०२१ सालच्या चाचणीत पाठीतली भूल आणि पूर्ण भूल यांत साठ दिवसांनंतरचं जगणं-चालणं जवळपास सारखंच निघालं.

शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, बहुधा रात्री. चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवावं. वॉर्डात सगळे कानडीत बोलत असतील तर आज्जीशी मराठीत बोलणारं घरचं कुणीतरी उशाशी हवं. ओळखीचा आवाज असला की भ्रमाची शक्यता घटते.

आणि उपाशी ठेवायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून पाणीही तोडायचं नव्हे. पोटाची वेगळी तक्रार नसेल तर साधं पाणी, बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. दुधाचा चहा मात्र जेवणात धरतात, त्याला सहा तास.