पिक्टब्रिजची पार्श्वभूमी: हुकूम कॅमेऱ्याचा, होस्ट मात्र प्रिंटर

पिक्टब्रिज म्हणजे संगणक मध्ये न घेता, कॅमेरा केबलने प्रिंटरला जोडून फोटो छापायची सोय. पण कॅमेऱ्यातून थेट प्रिंट काढण्याची सर्वमान्य सोय आधी केबलने नव्हे, मेमरी कार्डाने झाली. १९९८ साली डीपीओएफ आलं, म्हणजे प्रिंटची ऑर्डर कार्डावर नोंदवायची ठरीव पद्धत. कोणता फोटो आणि त्याच्या किती प्रती, हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठरवायचं; कॅमेरा ती ऑर्डर कार्डावरच्या ‘मिस्क’ फोल्डरमध्ये साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवायचा. कार्ड प्रिंटरच्या स्लॉटमध्ये सरकवलं की प्रिंटर ती चिठ्ठी वाचून कामाला लागे. पण चिठ्ठी एकतर्फी होती. ट्रेमध्ये कोणत्या आकाराचा कागद आहे, शाई उरली आहे का, यातलं काही कॅमेऱ्याला कळत नसे. ऑर्डर पुसायची राहिली तर पुढच्या खेपेला तेच फोटो तितक्याच प्रतींत पुन्हा बाहेर.

केबल आली तीही सवतेसुभे घेऊन. एका कंपनीचा कॅमेरा त्याच कंपनीच्या प्रिंटरशी बोले, शेजारच्याशी नाही. २००२च्या अखेरीस कॅमेरा आणि प्रिंटर बनवणारे एकत्र बसले आणि डीपीएस नावाचा मसुदा पुढे आला. २००३ मध्ये त्याचं मानक झालं आणि बारसं होऊन नाव पडलं पिक्टब्रिज.

खरा गुंता यूएसबीतल्या ‘होस्ट’ या शब्दाचा. यूएसबीत दोन टोकं समान नसतात. एक होस्ट, म्हणजे विचारणारा. दुसरं डिव्हाइस, म्हणजे विचारल्यावर बोलणारं. संगणकापुढे कॅमेरा डिव्हाइस आणि प्रिंटरही डिव्हाइसच. संगणक मधून काढला की दोन उत्तरं देणारे समोरासमोर, प्रश्न विचारायला कोणी नाही. कोणाला तरी बढती देणं भाग होतं.

ती प्रिंटरला मिळाली. डिव्हाइसलाही होस्ट होऊ देणारी ऑन-द-गो नावाची यूएसबीची जोड २००१ मध्येच आली होती, तेव्हा कॅमेऱ्याला होस्ट करणं अशक्य नव्हतं. पण मग त्याला प्रिंटरच्या प्रत्येक मॉडेलचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्या भाषेत बोलणारा प्रोग्राम, बाळगावा लागला असता, कारण प्रिंटरच्या भाषा अनेक. प्रिंटरला होस्ट केल्यावर कॅमेऱ्याने फक्त जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, द्यायचा. उलगडणं, कागदावर बसवणं, शाईचे थेंब मोजणं हे सगळं प्रिंटरचं. तांत्रिकदृष्ट्या निर्णय चोख. भुर्दंड मात्र गिऱ्हाइकाला: आधी घेतलेल्या प्रिंटरला मागचं चौकोनी सॉकेट तेवढं होतं, पुढे होस्टचं चपटं नव्हतं, म्हणजे नवा प्रिंटर आलाच. प्रिंटर विकणाऱ्यांना हे जड गेलं नसावं.

गंमत अशी की बटणं आणि पडदा कॅमेऱ्यावर. त्यामुळे हुकूम कॅमेऱ्याचा, पण होस्ट प्रिंटर. ही उलटी रचना पीटीपी या फोटो हलवायच्या प्रोटोकॉलवर बेतली आहे. कॅमेऱ्याला काही सांगायचं असेल तर तो ‘माझ्याकडची अमुक फाइल घे’ असा इशारा देतो. प्रिंटर ती उचलतो, आणि आत फोटोऐवजी एक्सएमएल या टेक्स्ट लिहायच्या ठरीव साच्यातला निरोप निघतो. ओळखीची पहिली फाइल प्रिंटर पाठवतो, तिचं नाव ‘एच’ने सुरू होतं, होस्टचा एच. कॅमेऱ्याचं उत्तर ‘डी’ने, डिव्हाइसचा डी. पुढे ‘डिस्कव्हरी’चं स्पेलिंग, आठ अक्षरांत बसावं म्हणून त्यातला ओ आणि ई गाळलेला. शेवटी टिंब देऊन डीपीएस! बारशाआधीचं नाव तिथे टिकून आहे.

छापील रंग कॅमेऱ्याने टिपल्यासारखे येत नाहीत, हा वाद निराळा. त्यावर २००२च्या एक्झिफ २.२ मध्ये, म्हणजे फोटोसोबत माहिती साठवायच्या मानकात, तोड निघाली: व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट वगैरे नोंदी फोटोच्या फाइलीतच, प्रिंटरने त्या पाहून छपाई करायची. रॉ फाइली, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा, या सगळ्याच्या बाहेर राहिल्या.

पुढे हाच निरोप केबल सोडून वायफायवरूनही जाऊ लागला, पण तोवर फोटो फोनमध्ये गेले होते. २०१०च्या नोव्हेंबरात आयफोनवर एअरप्रिंट ही वायरलेस छपाईची सोय आली आणि ड्रायव्हरविना छपाई करायला कॅमेऱ्याची गरज उरली नाही. नव्या कॅमेऱ्यांच्या मेन्यूतून पिक्टब्रिज हळूहळू गळू लागलं. जुन्या कॅमेऱ्यांच्या यूएसबी मेन्यूत ते ‘मास स्टोरेज’च्या, म्हणजे कार्ड संगणकाला ड्राइव्ह म्हणून दाखवणाऱ्या पर्यायाच्या, शेजारी बसलेलं सापडतं. चुकून तेच निवडलं तर संगणकावर कार्ड ड्राइव्ह म्हणून उघडत नाही, आणि माणूस आधी केबल बदलून बघतो.