पिकअप ॲव्हरेज का सोडते

आंबे बहाराची मोसंबी उतरत होती तेव्हाची गोष्ट. दादाची पिकअप शहागडजवळच्या आमच्या गावातून पाचोड, आडूळ करत छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी मार्केटला जायची. रात्री माल भरायचा, पहाटे मार्केटला लागायचं, दुपारी रिकामी परत. आठवडाभरात डिझेलचा खर्च वाढला. टाकी फुल ते टाकी फुल मोजलं तर लिटरमागं दोन किलोमीटर कमी. दादा म्हणाला, ‘‘गाडीनं ॲव्हरेज सोडलं. टर्बोची हे ना, पिणारच.’’

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. दादाचं हे वाक्य मी पंपावर, मार्केटच्या गेटवर, चहाच्या टपरीवर शंभरदा ऐकलंय. दुसरीकडं शोरूममध्ये नेमकं उलटं सांगतात: टर्बो आहे, डिझेल वाचेल. टर्बो नक्की काय करतो हे पाहिलं की दोन्ही बोलण्यांत काय राहून जातं ते दिसतं.

इंजिनाला डिझेल देणं सोपं असतं, हवा देणं अवघड. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी १२ किलो हवा लागते. हवा हलकी, त्यामुळं १२ किलो म्हणजे जवळपास १० हजार लिटर. उन्हाळ्यात गावात पाण्याचा जो मोठा टँकर येतो, तो भरून हवा, एका लिटर डिझेलमागं! प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहूनही बरीच जास्त हवा घेतं, नाहीतर धूर होतो. अडीच लिटरचं इंजिन नुसत्या पिस्टनच्या ओढीनं जेवढी हवा घेऊ शकतं, त्यात त्याची ताकद अडकून पडते.

त्याच वेळी सायलेन्सरमधून गरम धूर जोरात बाहेर पडत असतो. डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा असा हवेत जातो. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट घेतलं ते या वाया जाणाऱ्या धुरावर. धुराच्या वाटेत एक पंखा ठेवायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, आणि त्या दुसऱ्या पंख्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. पिकअपच्या टर्बोतली चाकं मुठीत मावतील एवढी असतात आणि पूर्ण जोरात मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे घेतात. हवेचा दाब दुप्पट केला तर अडीच लिटरचं इंजिन जवळपास पाच लिटरच्या इंजिनाइतका श्वास घेतं. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला मध्ये इंटरकूलरमधून गार करून आत सोडतात.

मग बचत कुठं होते? पाच लिटरच्या मोठ्या इंजिनात पिस्टन मोठे, घर्षण जास्त, वजन जास्त, आणि हा खर्च गाडी रिकामी असली तरी द्यावाच लागतो. लहान इंजिनात तो कमी. गरज पडली की टर्बो हवा वाढवतो, नसली की गप्प बसतो. मात्र हवा वाढली की तिच्यासोबत डिझेलही वाढतं. घाटात टर्बोची शिट्टी ऐकू येते तेव्हा तो फुकट काही देत नसतो, जास्तीच्या कामासाठी जास्तीचं डिझेल नीट जाळून देत असतो.

ते काम किती असतं हे एकदा मांडून बघू, कारण खरी गंमत या हिशेबात आहे. समजा पिकअप मालासकट तीन टनांची आहे. चांगल्या डांबरी रस्त्यावर टायर रेटायला सतत साधारण ३० किलोचं ओझं उचलण्याइतका जोर लागतो. ताशी ६०च्या वेगाला समोरची हवा फोडायला आणखी २५ किलोइतका. म्हणजे पेंडीच्या पोत्याहून थोडं जास्त ओझं गाडी सारखी रेटत असते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, त्यातली चाकापर्यंत पोचते ३० टक्क्यांच्या आसपास. या आकड्यांनी गुणाकार-भागाकार केला तर १०० किलोमीटरला पाच लिटर येतात. लिटरला २०!

हा आकडा दादाला सांगितला तर तो उठून जाईल, कारण त्याची गाडी भरल्यावर असं कधीच देत नाही. पण हिशेब चुकलेला नाही. तो सपाट रस्त्याचा आणि एकाच वेगाचा आहे, आणि आपला रस्ता तसा कुठंय? गावाच्या फाट्यावर गतिरोधक, पाचोडला गर्दी, मध्येच उसाची ट्रॉली, पुढं चौकातला सिग्नल. तीन टनांची गाडी ६०च्या वेगात असते तेव्हा तिच्या अंगात जेवढी गती साठलेली असते, ती मिळवायला सुमारे ४० मिलिलिटर डिझेल जळलेलं असतं. ब्रेक मारून गाडी थांबवली की ते सगळं ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन संपतं. अर्धा कप चहा मावेल एवढं डिझेल, प्रत्येक पूर्ण थांब्याला! १०० किलोमीटरमध्ये असे ४० थांबे धरले तरी दीड लिटरच्या वर गेलं, आणि २०चे १५ झाले. त्यात मार्केटच्या गेटवरच्या रांगेत अर्धा तास इंजिन चालू, थोडे चढ, रस्त्याचा खडबडीतपणा. मग १२-१३ वर येऊन थांबतो आपण. यात टर्बोचा हात कुठंच नाही.

कंपनी सांगते तो ॲव्हरेजचा आकडा वेगळा येतो तो यामुळंच. आपल्याकडं ॲव्हरेजची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत, गाडी जागेवरच ठेवून रोलरवर होते. ठरलेल्या वेळात ठरलेला वेग, सगळी चाचणी २० मिनिटांच्या आतली, खोलीचं तापमान माणसाला सोसेल असं. दोन गाड्यांची तुलना करायला ती चांगली आहे आणि मला ती खोटी वाटत नाही. फक्त तिथल्या खोलीत मे महिन्याचं ४३ अंशांचं ऊन नसतं आणि सुटलेली ताडपत्री फडफडत नसते.

वेगाचं मात्र प्रत्येक चालकानं मनावर घ्यावं असं आहे. टायरचा विरोध वेगानं फारसा बदलत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ६०ऐवजी ८० धरले की हवा फोडायला २५ किलोऐवजी ४५ किलोचा जोर. एकूण ओझं ५५चं ७५, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यानं जास्त डिझेल. समृद्धी महामार्गावर मोकळा रस्ता असूनही ॲव्हरेज पडतं असं लोक सांगतात, त्याचं कारण हे. चढाचा हिशेब याहून सोपा: तीन टनांची गाडी २०० मीटर उंच चढवायला अर्धा लिटर. बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढा की कन्नडचा, उंचीचं डिझेल द्यावंच लागतं. उतरताना मात्र एक चूक सगळीकडं दिसते. चालक गाडी न्यूट्रल करतात, डिझेल वाचेल म्हणून. आताच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे डिझेलची फवारणी कॉम्प्युटर ठरवतो अशा इंजिनात, गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतात, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं, आणि इंजिनाचा ब्रेक हातचा जातो. भरल्या गाडीला घाटात ते जिवावर बेतू शकतं.

टर्बो पितो हा समज अमेरिकेतही आहे, आणि तिथं त्याला थोडा आधार आहे. तिथल्या पिकअप बहुतेक पेट्रोलच्या. फोर्डनं २०११च्या एफ-१५० मॉडेलमध्ये आठ सिलिंडरच्या इंजिनाला पर्याय म्हणून साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन दिलं. रिकामी गाडी सावकाश चालवली की ते काटकसर करतं, मागं जड ट्रेलर जोडला की बचत विरते. पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोलचं दाबलेलं मिश्रण जास्त तापलं तर वेळेआधी भडकतं. ते टाळायला ठिणगी उशिरा द्यावी लागते आणि पूर्ण जोरात असताना आतलं तापमान उतरवायला जरुरीपेक्षा जास्त पेट्रोल सोडावं लागतं. हे जास्तीचं पेट्रोल कामाला येत नाही. २०१३ मध्ये तिथल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठीच्या मासिकानं लहान टर्बो पेट्रोल इंजिनांच्या गाड्या रस्त्यावर मोजल्या, तेव्हा त्यांतल्या अनेक गाड्या सरकारी आकड्याला पोचल्या नाहीत. डिझेलमध्ये असं होत नाही. तिथं आधी फक्त हवा दाबली जाते, डिझेल शेवटच्या क्षणी येतं, आणि हवा कायम गरजेपेक्षा जास्त असते. म्हणून भरलेल्या गाडीला डिझेल टर्बो जेवढा मानवतो तेवढा पेट्रोल टर्बो मानवत नाही. इंटरनेटवरची तिकडची तक्रार वाचून इकडच्या गाडीला नावं ठेवणं बरोबर नाही.

आता दादाच्या गाडीकडं येतो. आळ टर्बोवर होता, पण ॲव्हरेज खरंच पडलं होतं, आणि भरल्या गाडीला काळा धूर येत होता. गाडी २०१८ची, धुराच्या भारत स्टेज ६ नियमांच्या आधीची, त्यामुळं धूर अडवणारं फिल्टर तिला नाही. मिस्त्रीनं बोनेट उघडलं, दादाला रेस द्यायला लावली आणि इंटरकूलरकडून इंजिनाकडं जाणाऱ्या काळ्या रबरी पाइपवरून हात फिरवत नेला. क्लिपच्या अगदी शेजारी, खालच्या अंगाला, नखाएवढी चीर होती. रेस वाढली की चीर उघडायची आणि बोटाला हवेचा झोत लागायचा. रेस सोडली की ओठ मिटावेत तशी ती मिटायची, मग नुसत्या डोळ्यांना काही दिसायचं नाही. भोवती तेलकट धुळीचं काळं वर्तुळ जमलं होतं, तेवढीच खूण. टर्बोनं दाबलेली हवा तिथून पळत होती, इंजिनाला हवा कमी पडत होती, डिझेल अर्धवट जळून काजळी होत होती, आणि गाडी ओढ घेईना म्हणून दादा आणखी पाय दाबत होता. पाइप बदलला आणि गेलेले दोन किलोमीटर परत आले.

मिस्त्रीनं जाताना एक गोष्ट बजावली, ती मी सगळ्यांना सांगतो. घाट चढून किंवा लांबून जोरात आल्यावर चावी लगेच फिरवायची नाही, मिनिटभर इंजिन मंद चालू द्यायचं. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. इंजिन एकदम बंद केलं तर तेल थांबतं आणि तापलेल्या टर्बोत करपून बसतं. त्या मिनिटाचं डिझेल होतं १० मिलिलिटर.

हे सगळं झाल्यावर मी दादाच्या डायरीत एक रकाना वाढवला. आजवर तो तारीख, किलोमीटर आणि लिटर लिहायचा. मी म्हटलं, ‘‘दादा, क्विंटलही लिहीत जा.’’ कारण ॲव्हरेज हा शब्द मालवाहू गाडीला अर्धाच लागू पडतो. १३ क्विंटल मोसंबी घेऊन ८० किलोमीटर जायचं, लिटरला १२. रिकामं यायचं, लिटरला १६. दोन्ही मिळून पावणेबारा लिटर, म्हणजे क्विंटलमागं ०.९ लिटर. तीच गाडी येताना १० क्विंटल सरकी पेंड घेऊन आली तर परतीचं ॲव्हरेज साडेबारावर येतं, एकूण १३ लिटर जळतं, डायरीत गाडी वाईट दिसते. पण माल झाला २३ क्विंटल, आणि क्विंटलमागं डिझेल ०.५७ लिटर. रिकाम्या परतीइतकं महाग डिझेल दुसरं कुठलंच नाही. हाच हिशेब ओव्हरलोडला लावायला मात्र माझा विरोध आहे. पाटे (स्प्रिंगा), टायर आणि ब्रेक ठरलेल्या वजनासाठीच केलेले असतात, त्यांची ताकद टर्बो वाढवत नाही.

परवा फोन केला तर दादा आडूळच्या अलीकडं होता. पाचोडच्या एका दुकानदाराच्या खताच्या १६ गोण्या परतीला मिळाल्या होत्या. म्हणाला, ‘‘आठ क्विंटल लिहू ना रे?’’