कापलेलं नाक आणि विज्ञानकथेतलं शरीर

तपोवनात गोदेकाठी लक्ष्मणाचं देऊळ आहे. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथेच कापलं, त्यावरून गावाला नाशिक हे नाव पडलं, असं इथली जुनी माणसं सांगतात. (‘नाशिक नव टेकांवर वसले’ ही दुसरी व्युत्पत्तीही आहे, तो वाद इथे नको.) नाक कापणं ही शिक्षा होती, आणि ती जन्मभर चेहऱ्यावर दिसावी हाच तिचा हेतू. अब्रू गेली की आजही आपण ‘नाक कापलं गेलं’ म्हणतो. शरीरात काही उणं दिसलं की त्यामागे दोष शोधायचा, ही सवय विज्ञानकथेला वारशानेच मिळाली.

उणं भरून काढायची ओढही तितकीच जुनी. ऋग्वेदात अश्विनीकुमार पाय तुटलेल्या विश्पलेला धातूचा पाय देतात. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक घडवण्याची कृती आहे. टिपूशी चाललेल्या युद्धात इंग्रजांकडच्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं गेलं, तेव्हा पुण्याच्या परिसरात एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक केलं. हा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आला, आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने ती पद्धत तिथे वापरली.

चारच वर्षांनी, १८१८ मध्ये, मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ आली. एकातून दुसरं आलं असं मी म्हणत नाही. शरीर जोडता येतं, हा विचार त्या काळाच्या हवेत होता एवढंच. या कादंबरीतला एक प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका शास्त्रज्ञाने अवयव जुळवून घडवलेला जीव एका अंध म्हाताऱ्याच्या घरी जातो. म्हातारा त्याला बसवून घेतो, आपुलकीने बोलतो. तेवढ्यात डोळस मुलगा येतो आणि काठीने त्याला झोडपतो. पुढे बहुतेक सिनेमांनी राक्षस तेवढा उचलला, तो म्हातारा बहुतेकांच्या लक्षातही राहिला नाही.

१९०४ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’ लिहिली. अँडीज पर्वतातलं एक खोरं चौदा पिढ्यांपासून आंधळं आहे. तिथल्या घरांना खिडक्या नाहीत. तिथल्या वाटा कडेला केलेल्या खाचांवरून ओळखू येतात. ऊन तापलं की लोक झोपतात, गारवा आला की कामाला लागतात. घसरून तिथे पोचलेला डोळस नुन्येझ आपण आता राजा होणार असं धरून चालतो, पण त्या गावात अडखळतो तो एकटाच. त्याच्या डोळ्यांना लोक आजार समजतात आणि ते काढून टाकायचं ठरवतात. कमी कोणती आणि ती कोणी ठरवायची, हा प्रश्न एवढ्या थेटपणे मांडणारी कथा मी तरी दुसरी वाचलेली नाही.

‘सायबॉर्ग’ (शरीराला यंत्र जोडलेला माणूस) हा शब्द १९६० चा, मॅन्फ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी अंतराळवीरांच्या संदर्भात घडवलेला. त्यानंतर यांत्रिक हातापायांचे महावीर पडद्यावर आले. अपघातात मोडलेला माणूस यंत्राने आधीपेक्षा बलवान व्हायचा, आणि अपंगत्व कथेतून नाहीसं व्हायचं. याच सुमारास, १९६८ मध्ये, रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी जयपूर फूट हा कृत्रिम पाय तयार केला. त्यावर उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं, चिखलात उतरता येतं. माणसाचं रोजचं जगणं पाहून केलेलं हे तंत्रज्ञान मला त्या महावीरांहून कितीतरी मोठं वाटतं. आपल्या कथांत ते यायला हवं होतं.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकरांकडे होतं. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथेला तो मान आमच्या गावात मिळाला याचा मला आनंद आहे. त्याआधी २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे ७ प्रकार २१ वर नेले आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा करणं हे सरकारचं काम ठरवलं.

रामकुंडाकडे उतरायला पायऱ्या आहेत. सिंहस्थाच्या कामांची चर्चा कानावर आली की मला वेल्सच्या खोऱ्यातल्या त्या वाटा आठवतात, कडेला खाचा असलेल्या.